क्षितिजापलीकडचा आवाज : व्हीएचएफ लहरी, हौशी रेडिओवाले आणि मुंबईच्या रडारला दिसलेले अरबस्तान

१/
८ जुलै १९५७. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील पालोस व्हर्डेस येथे जॉन चेंबर्स आणि हवाईतील ओआहू बेटावर राल्फ थॉमस, या दोन हौशी रेडिओवाल्यांनी १४४ मेगाहर्ट्झवर एकमेकांशी संपर्क साधला. मधले अंतर सुमारे ४,०९० किलोमीटर. तत्कालीन पाठ्यपुस्तकी नियमाप्रमाणे या लहरी काही दशक किलोमीटरांच्या पुढे जायला नको होत्या. मग हे घडले कसे? त्याचा हा इतिहास. वाटेत आपली मुंबईही लागेल.

२/
आधी नियम समजून घेऊ. ३० ते ३०० मेगाहर्ट्झ या पट्ट्याला व्हीएचएफ म्हणतात. यापेक्षा कमी वारंवारतेच्या लघुलहरी आयनांबरावरून परत फिरतात आणि खंड ओलांडतात. व्हीएचएफ लहरी मात्र बहुधा आयनांबर भेदून अवकाशात निघून जातात. म्हणून त्यांना ‘दृष्टिरेषेच्या’ लहरी मानले गेले : जिथवर नजर, तिथवर संदेश. १० मीटर उंचीवरून क्षितिज साधारण ११ किलोमीटरवर असते. कॅलिफोर्निया आणि हवाई यांच्यामध्ये तर पृथ्वीचा फुगवटा मधोमध सुमारे ३२५ किलोमीटर उंच भरतो.

३/
हौशी मंडळी या पट्ट्याकडे वळली त्यामागे एक जुनी परंपरा आहे. १९१२ च्या अमेरिकन कायद्याने हौशींना २०० मीटर व त्याखालच्या तरंगलांबींवर ढकलले. हा भाग दूरच्या संदेशवहनाला निरुपयोगी आहे, अशी तेव्हाची समजूत होती. १९२३ मध्ये याच ‘निरुपयोगी’ लघुलहरींवर हौशींनी अटलांटिकपार दुहेरी संवाद साधला. मग व्यापारी कंपन्या आणि सरकारे तिकडे धावली. पुढच्या दशकात हौशींनी आणखी वरच्या, पाच मीटरच्या पट्ट्यात हीच चिकाटी दाखवली.

४/
येथे रॉस हल या ऑस्ट्रेलियन तरुणाचा प्रवेश होतो. अमेरिकेतील हौशी रेडिओ संघटनेच्या ‘क्यूएसटी’ या मासिकाच्या संपादनात तो काम करी. १९३४ मध्ये त्याने हार्टफर्डजवळ दिशादर्शी अँटेना उभारली आणि सुमारे दीडशे किलोमीटरवरील बोस्टन परिसरातील केंद्रांशी ६० मेगाहर्ट्झच्या आसपास संपर्क साधला. मधल्या टेकड्या आणि पृथ्वीची वक्रता पाहता दृष्टिरेषेचा प्रश्नच नव्हता. हे एकदाच घडले असते, तर योगायोग म्हणून विसरले गेले असते.

५/
हलचे मोठेपण पुढच्या पायरीत आहे. त्याने नोंदी ठेवल्या. संकेत कोणत्या दिवशी बळकट होता, कोणत्या दिवशी विरला, हे दीर्घकाळ टिपून घेतले. मग विमानांतून घेतलेल्या वरच्या हवेच्या तापमानाच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या. दोहोंचा मेळ बसला! गरम हवेचा थर थंड हवेवर पसरला की संकेत चढत असे. आयनांबर शंभर किलोमीटर वर राहिले. उत्तर डोक्यावरच्या पहिल्या एक-दोन किलोमीटरांत, म्हणजे रोजच्या हवामानात सापडले. १९३५ आणि १९३७ मध्ये त्याने हे निष्कर्ष ‘क्यूएसटी’मध्ये मांडले.

६/
हे का होते? पाण्याच्या पेल्यात पेन्सिल वाकडी दिसते, ते अपवर्तनामुळे. हवेतही तसेच घडते. एरवी वर जाताना हवा विरळ आणि कोरडी होत जाते, त्यामुळे रेडिओ लहर किंचित खाली वाकते आणि रेडिओचे क्षितिज डोळ्याच्या क्षितिजापेक्षा थोडे लांब असते. पण कधी थंड, दमट हवेवर उष्ण, कोरड्या हवेचे झाकण बसते. भूगोलाच्या पुस्तकात आपण याला तापमानाची विपरीतता म्हणतो. अशा वेळी लहर पृथ्वीच्या वक्रतेहूनही अधिक वाकते, खाली येते, पुन्हा वर जाते, पुन्हा वाकते. हवेचीच एक नळी तयार होते आणि लहर तिच्यात कोंडून दूरवर वाहत जाते.

७/
हलला या शोधाचा पुढचा प्रवास पाहता आला नाही. सप्टेंबर १९३८ मध्ये, घरी दूरचित्रवाणी संचावर काम करताना उच्च दाबाच्या विजेचा धक्का बसून त्याचा मृत्यू झाला. वय ऐन पस्तिशीतले. वर्षभरात युद्ध सुरू झाले. हौशी केंद्रे बहुतेक देशांत बंद करण्यात आली आणि व्हीएचएफ लहरी रडारच्या रूपाने लष्कराच्या हाती गेल्या.

८/
आता मुंबई. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या किनाऱ्यावर २०० मेगाहर्ट्झचे रडार समुद्रावर पहारा देत होते. उन्हाळ्यात त्याच्या पडद्यावर चक्रावून टाकणारे प्रतिध्वनी उमटू लागले. ते अरबस्तानातून येत होते! हजार ते दीड हजार मैलांवरून, म्हणजे १,६०० ते २,४०० किलोमीटरवरून. रेडिओला एकेरी वाट पुरते. रडारचा संकेत तिथवर जाऊन, जमिनीवर आपटून, तेवढेच अंतर परत यावा लागतो. पहाऱ्यावरील माणसासाठी ही निव्वळ गंमत नव्हती. पडद्यावरची खूण शत्रूच्या जहाजाची की समुद्रापारच्या डोंगराची, हे त्याला ठरवायचे होते.

९/
याचे कारण कोकणात वाढलेल्या कोणालाही सहज उमगेल. मॉन्सूनपूर्व महिन्यांत अरबस्तानच्या वाळवंटावरील तप्त, कोरडी हवा अरबी समुद्रावर पसरते. तिच्याखाली समुद्राला चिकटून तुलनेने थंड, दमट थर असतो. झाकण बसले, नळी तयार झाली. मग जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे येतात, दमट हवा खूप उंचीपर्यंत घुसळली जाते, थर मोडतात. अरबस्तान पडद्यावरून नाहीसे होते आणि रडार पुन्हा जवळपासचेच पाहू लागते.

१०/
युद्धानंतर हेन्री बुकर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हवामान रडारची दृष्टी कशी लांबवते वा आखूड करते, याची सविस्तर मांडणी केली. ‘रेडिओ हवामानशास्त्र’ ही शाखा आकाराला आली. मुंबईचे रडार तिच्या अभिजात उदाहरणांपैकी एक ठरले. लष्कराच्या प्रचंड साधनांनिशी झालेल्या या अभ्यासाचा गाभा मात्र तोच होता, जो हलने हार्टफर्डच्या टेकडीवर शोधला होता : क्षितिजापलीकडे पाहायचे असेल तर हवामान वाचा.

११/
आता परत राल्फ थॉमसकडे. हवाईला जाण्यापूर्वी तो न्यू जर्सीत राहत असे. ऑक्टोबर १९५४ मध्ये त्याने आणि टेनेसीच्या पॉल विल्सनने १४४ मेगाहर्ट्झवर उल्कांच्या आधारे दुहेरी संपर्क साधला होता. उल्का जळते तेव्हा साधारण १०० किलोमीटर उंचीवर विद्युतभारित वायूची रेघ उमटते. तिच्यावरून लहर परावर्तित होते, पण बहुधा क्षणभरच. त्या क्षणांची वाट पाहत, तुकड्यातुकड्यांनी संदेश पुरा करायचा. अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर. अशी चिकाटी घेऊन हा माणूस हवाईत गेला.

१२/
पूर्व प्रशांत महासागरावर उन्हाळ्यात जास्त दाबाचा विशाल प्रदेश ठाण मांडून असतो. त्यात वरची हवा खाली उतरते, दाबली जाऊन तापते आणि कोरडी होते. खाली थंड सागरी प्रवाहावरचा दमट थर असतो. कॅलिफोर्नियापासून हवाईपर्यंत जवळजवळ सलग झाकण! चेंबर्स आणि थॉमस यांचे संकेत याच नळीतून गेले. १९५९ मध्ये त्यांनी तोच पराक्रम २२० मेगाहर्ट्झवरही केला, तेव्हा पहिला संपर्क दैवयोग होता, ही शंका उरली नाही.

१३/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला या कथेत काय मिळते? शोधाचा इतिहास आपण प्रयोगशाळा, विद्यापीठे आणि युद्धखाती यांच्याभोवती लिहितो. येथे महत्त्वाचा पुरावा बिनपगारी माणसांच्या नोंदवह्यांत आहे : तारीख, वेळ, वारंवारता, संकेताची ताकद. नियमात न बसणारी गोष्ट दिसली तेव्हा यंत्र बिघडले असेल, असे म्हणून त्यांनी ती सोडून दिली नाही. तारीख लिहून ठेवली. अपवादांच्या तारखा एका रांगेत मांडल्या की त्यातून नियम दिसू लागतो. हल, बुकर आणि थॉमस यांना जोडणारा धागा हाच.

१४/
‘दृष्टिरेषेच्या लहरी’ हा नियम खोटा नव्हता. तो हवेच्या एका सर्वसाधारण अवस्थेचे वर्णन होते, आणि लोकांनी त्याला निसर्गाची सीमा मानले. येत्या एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी किनाऱ्यावर उभे राहाल, तेव्हा समोरचे क्षितिज नीट पाहा. तुमच्या डोळ्यांना ते तिथेच संपलेले दिसेल. ऐंशी वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावरून, याच दिवसांत, एका यंत्राला पलीकडचे अरबस्तान दिसत होते.

(समाप्त)