पक्ष्यांच्या नाकातले माइट : ओळखायचे कसे?

पक्षी सारखा शिंकतो, डोके झटकतो, चोच उघडी ठेवून श्वास घेतो. गाणारा असेल तर त्याचा आवाज बसतो. कधी कधी यामागे नाकात किंवा श्वासनळीत राहणारा माइट असतो. पण सर्दी, सीआरडी आणि मानमोडीतही असाच त्रास दिसतो. त्यामुळे नुसती घरघर ऐकून औषध पाजू नये.

माइट म्हणजे काय?
वांग्या-मिरचीवरचा लाल कोळी शेतकऱ्यांना माहीत आहे. नाकातला माइट त्याचा आणि गोचिडीचा भाऊबंद. आकार साधारण अर्धा ते एक मिलिमीटर. पूर्ण वाढलेल्या माइटला आठ पाय असतात, उवेला सहा. नाकातल्या माइटचे मुख्य कुळ ऱ्हायनोनिसिडी. त्यात ५०० हून अधिक जाती असून ते रक्तावर जगतात.

कुठल्या पक्ष्यात कुठला?
कबुतराच्या नाकात टिनामिनिसस मेलोई सापडतो. कॅनरी आणि गोल्डियन फिंचच्या श्वासनळीत व हवेच्या पिशव्यांत स्टर्नोस्टोमा ट्रेकिएकोलम असतो. लॉरेन्स यांनी १९४८ मध्ये त्याचे वर्णन केले. कोंबडीत सायटोडायटीस न्यूडस आढळतो, पण तो राहतो हवेच्या पिशव्यांत. तिथे पांढरे ठिपके हलताना दिसतात.

तपासणी
फिंचसारख्या लहान पक्ष्याच्या गळ्याची पिसे ओल्या कापसाने बाजूला करून अंधाऱ्या खोलीत मागून बॅटरी धरली, तर श्वासनळीत टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसू शकतात. कोंबडीत ही युक्ती चालत नाही. ठिपके दिसले नाहीत म्हणून माइट नाहीच, असेही नाही.

नाकपुडीबाहेर फिरणारा माइट नाकातलाच असेल असे धरू नये. खुराड्याच्या फटीत दिवसा लपून रात्री रक्त पिणारा लाल माइट वेगळा. खात्री करायची तर डॉक्टर मेलेल्या पक्ष्याचे नाक उघडून धुऊन घेतात आणि सापडलेला माइट ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात. पाठीवरचे कवच, केस आणि श्वासछिद्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच जात ठरते.

हे लक्षात ठेवा
माइटवर आयव्हरमेक्टिन वापरतात, पण जनावरांच्या बाटलीतला अंदाजे थेंब लहान पक्ष्याच्या जिवावर बेतू शकतो. मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

एकाच वेळी बरेच पक्षी मेले, तर माइट शोधत बसू नये. मेलेला पक्षी घरी फाडू नये, उकिरड्यावर टाकू नये. मानमोडी किंवा बर्ड फ्लू असू शकतो. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा रोगांचा संशय आल्यास मालकाने कळवणे बंधनकारक आहे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगावे किंवा १९६२ वर फोन करावा.