छायाचित्र धूसर का येते? आधी निदान, मग दुरुस्ती

मंगलाष्टके संपतात, अंतरपाट दूर होतो आणि वधू-वर एकमेकांना हार घालतात. हा क्षण छायाचित्रकाराला पुन्हा मागून मिळत नाही. नेमक्या त्या वेळी अक्षता टाकणारा पुढचा हात स्पष्ट आणि वधूचा चेहरा धूसर आला, तर नंतर संगणकावर कितीही खटाटोप केला तरी तो चेहरा मूळच्या तपशिलांसह परत येत नाही. बदलापूर पूर्वेच्या कात्रपपासून थेट उल्हासनगरपर्यंत, लग्नसराईत कॅमेरा हाती घेणाऱ्या हौशी आणि व्यावसायिक अशा दोघांनाही ही अडचण ठाऊक आहे. अशा वेळी पहिला संशय लेन्सवर जातो आणि नव्या लेन्ससाठी काही हजार रुपये मोजले जातात. तोच दोष नव्या लेन्समध्येही दिसला, की मग खरा शोध सुरू होतो. हा शोध आधी घेतला, तर पैसा आणि मनस्ताप दोन्ही वाचतात.

धूसरपणाचे तीन प्रकार

छायाचित्र संगणकाच्या पडद्यावर पूर्ण मोठे करून पाहावे. सर्वच वस्तू एकाच दिशेने ओघळल्यासारख्या दिसत असतील, तर हात हलला आहे. भिंत, खुर्च्या स्पष्ट आणि केवळ माणसे पुसट असतील, तर माणसे हलली आहेत. चेहरा धूसर, पण त्याच्या पुढची किंवा मागची एखादी वस्तू रेखीव दिसत असेल, तरच फोकस चुकला असे समजावे.

पहिल्या दोन प्रकारांवर शटरचा वेग वाढविणे हाच उपाय आहे. ५० मिलिमीटरची लेन्स क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर हातात धरून वापरताना वेग सेकंदाच्या १/८० भागापेक्षा कमी नसावा. चालत्या-फिरत्या माणसांसाठी १/२५० हा वेग बरा. प्रकाश अपुरा असेल तर आयएसओ वाढवावा. थोडे दाणेदार छायाचित्र चालते, हललेले चालत नाही.

तिसऱ्या प्रकारातही यंत्राआधी छिद्राचा, म्हणजेच ॲपर्चरचा विचार करावा. याच कॅमेऱ्यावर तीच लेन्स एफ १.८ वर ठेवून दोन मीटरवरच्या व्यक्तीचे छायाचित्र घेतले, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ११ ते १२ सेंटीमीटरचा असतो. फोकस घेतल्यावर छायाचित्रकार किंवा समोरची व्यक्ती किंचित पुढे-मागे झाली, तरी डोळे या पट्ट्याबाहेर जातात. छिद्र एफ ५.६ केल्यास हाच पट्टा सुमारे ३५ सेंटीमीटर होतो. दोन रांगांच्या समूहचित्रासाठी एफ ५.६ ते एफ ८ ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे.

कॅमेरा कशावर नजर ठेवतो?

फोकसबिंदू निवडण्याचे काम कॅमेऱ्यावर सोपविले, तर तो बहुधा सर्वांत जवळची वस्तू पकडतो. अक्षतांचा हात स्पष्ट येण्याचे कारण हेच. त्यामुळे एकच बिंदू स्वतः निवडून तो डोळ्यांवर ठेवावा. ऑटोफोकसला प्रकाश आणि छटांमधील फरक लागतो. साध्या पांढऱ्या शेरवानीवर तो चाचपडतो. मुंडावळ्या, नथ किंवा शालूचा जरीकाठ यांवर चटकन स्थिरावतो. अंबरनाथचे इ. स. १०६० मधील शिवमंदिर हे याचे उत्तम उदाहरण. बाहेरच्या कोरीव भिंतींवर दिवसा फोकस सहज बसतो. मंडपापेक्षा खोल असलेल्या गर्भगृहाच्या अंधाराकडे कॅमेरा वळविला, की लेन्सची मोटर पुढे-मागे घरघरत राहते. हा बिघाड नव्हे. यंत्राला पुरेसा प्रकाश मिळत नाही, इतकेच.

जुन्या डीएसएलआरमधील अडचण

ऑटोफोकसची सारी यंत्रणा कॅमेऱ्यातच बसविणारा मिनोल्टा ७००० हा एसएलआर १९८५ मध्ये आला आणि पुढे हीच पद्धत रूढ झाली. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेल्या प्रकाशाचा काही भाग एका लहान आरशावरून तळाशी असलेल्या फोकस सेन्सरकडे जातो. छायाचित्र मात्र वेगळ्या सेन्सरवर उमटते. दोन्ही अंतरे तंतोतंत सारखी हवीत. त्यांत केसभर फरक पडला, तर फोकस प्रत्येक वेळी विषयाच्या पुढे किंवा मागे बसतो. मिररलेस कॅमेरे मुख्य सेन्सरवरूनच फोकस घेत असल्याने त्यांत हा दोष सहसा आढळत नाही. जुना डीएसएलआर विकत घेणाऱ्याने मात्र चाचणी केल्याशिवाय व्यवहार करू नये.

घरच्या घरी चाचणी

लेन्सवर स्वस्त फिल्टर असेल तर तो आधी काढावा आणि लेन्सवरील कळ ऑटोफोकसवर असल्याची खात्री करावी. भरपूर उजेडात कॅमेरा तिपाईवर ठेवावा. सुमारे अडीच मीटरवर ठळक अक्षरांचा सपाट खोका उभा करावा. त्याच्या शेजारी एक फूटपट्टी तिरकी ठेवावी. पट्टीचा मध्य खोक्याच्या पुढच्या बाजूशी जुळावा. छिद्र पूर्ण उघडे ठेवून मधल्या बिंदूने खोक्यावर फोकस घ्यावा आणि दोन सेकंदांच्या टायमरने टिपावे. दर वेळी फोकस मुद्दाम बिघडवून, नव्याने घेऊन अशी दहा छायाचित्रे काढावीत. मग लाइव्ह व्ह्यूमध्ये प्रतिमा मोठी करून, हाताने फोकस जुळवून आणखी एक छायाचित्र घ्यावे.

निष्कर्ष असे काढावेत. हाताने घेतलेले स्पष्ट आणि दहाही छायाचित्रे एकाच बाजूला चुकलेली असतील, तर जुळणीचा दोष आहे. चूक कधी पुढे, कधी मागे होत असेल, तर एकूण यंत्रणेची किंवा मोटरची तपासणी हवी. हाताने फोकस करूनही अक्षरे धूसरच राहिली, तरच लेन्सकडे बोट दाखवावे. दहाही स्पष्ट आली, तर उपाय सवयींत शोधावा.

जुळणीचा दोष अनेक मध्यम आणि उच्च श्रेणीच्या कॅमेऱ्यांत मेनूमधूनच सुधारता येतो. निकॉनच्या डी३ व डी३०० आणि कॅननच्या १डी मार्क ३ या २००७ मधील कॅमेऱ्यांत ही सोय होती. ती प्रत्येक लेन्ससाठी स्वतंत्रपणे करावी लागते. झूम लेन्स दोन्ही टोकांना तपासावी. ज्या कॅमेऱ्यांत ही सोय नाही, त्यांच्यासाठी सेवा केंद्र हाच मार्ग. तिथे लेन्स आणि कॅमेरा दोन्ही, चाचणीच्या छायाचित्रांसह न्यावेत.

पावसाळ्यातील दक्षता

बारवी धरण किंवा कोंडेश्वरच्या धबधब्याकडे पावसाळ्यात निघणाऱ्यांना आणखी एक शत्रू भेटतो, तो म्हणजे दमट हवा. सतत ओलाव्यात राहिलेल्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. चित्राचा उठाव जातो आणि फोकस चुकल्याचा भास होतो. लेन्समधून आरपार टॉर्च मारून पाहिल्यास ती दिसते. लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. डब्यातील आर्द्रता ४० ते ५० टक्के राहिल्यास उत्तम. वातानुकूलित सभागृहातून बाहेर पडताना कॅमेरा अर्धा तास बॅगेतच राहू द्यावा, म्हणजे काचेवर वाफ धरत नाही. आत शिरलेली बुरशी काढण्यासाठी लेन्स घरी उघडू नये.

आणि चष्मा वापरणाऱ्यांसाठी शेवटची सूचना. व्ह्यूफाइंडरशेजारी नंबर जुळविण्याचे लहान चाक असते. ते हलले, की छायाचित्र उत्तम असूनही डोळ्याला सारे धूसर दिसते. व्ह्यूफाइंडरमधील आकडे स्पष्ट दिसेपर्यंत ते फिरवावे. त्याला एक रुपयाही खर्च येत नाही. हे सारे तपासायचे ते कार्याच्या आदल्या दिवशी, मांडवात नव्हे.