बक्षिसीची बखर

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत धाकट्या बहिणीच्या आग्रहाने मी शिकागोला गेलो होतो. मुलांना नकाशावर मिशिगन सरोवर दाखवता दाखवता केस पिकायला लागले; तेव्हा ते एकदा डोळ्यांनी पाहिले तर बिघडले कुठे, असा सोयीस्कर विचार मी केला. सरोवर पाहिले, आणि त्याच संध्याकाळी स्वतःची फजितीही पाहिली.

त्याचे असे झाले. बहीण आणि मेहुणे यांना मी हट्टाने माझ्या खर्चाने जेवायला नेले. बिल साठ डॉलर झाले. मनातल्या मनात रुपयांचा गुणाकार करून मी घाम पुसला, बिल चुकते केले आणि वर मोठ्या ऐटीत एक डॉलर ठेवला. आपल्याकडे बडीशेपेच्या बशीत दहाची नोट टाकतात, तसा! वाढणारी मुलगी काही बोलली नाही. पण बहिणीचा चेहरा उतरला.

"दादा, अरे हे काय केलंस? तिला वाटेल, आपण तिच्यावर रागावलो आहोत!"

मेहुण्यांनी गुपचूप आणखी अकरा डॉलर ठेवले. मग घरी येईपर्यंत माझी शिकवणी चालली होती. बसून जेवलात तर बिलावर शेकडा पंधरा ते वीस. मात्र बिलात ती रक्कम आधीच धरलेली नाही ना, हे पाहून घ्यायचे. टॅक्सीवाल्याला शेकडा दहा-पंधरा. सामान उचलणाऱ्याला नगामागे डॉलर-दोन डॉलर. हॉटेलात मुक्काम असला तर खोली झाडणाऱ्या बाईसाठी रोज सकाळी दोन-चार डॉलर. उभ्याउभ्या कॉफी घेतली तर मात्र सक्ती नाही.

"ही बक्षीस आहे की जकात?" मी चिडून म्हणालो.

"दादा, ती तुझी खुशी नाहीच रे. तो तिचा पगार आहे."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. बक्षीस म्हणजे खुशी. ती पगार कधी झाली, आणि कुणी केली? मेहुण्यांनी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी ते मला शहराच्या दक्षिण भागात, पुलमन नावाच्या वस्तीतल्या एका लहानशा संग्रहालयात घेऊन गेले. रेल्वेच्या झोपण्याच्या डब्यांत चाकरी करणाऱ्या काळ्या कामगारांचे ते संग्रहालय. १९९५ साली उघडलेले. माझ्या प्रश्नाचे उत्तर तिथल्या भिंतींवर टांगलेले होते.

बक्षिसीची चाल मुळात अमेरिकेची नव्हे. अठराव्या शतकात इंग्लंडातल्या बड्या घरी जेवायला गेलेला पाहुणा निघाला, की नोकर दारापर्यंत रांगेने उभे राहत आणि प्रत्येकाच्या हातावर काही ना काही ठेवावे लागे. युरोपचा प्रवास करून आलेल्या श्रीमंत अमेरिकनांनी ही ऐट मायदेशी नेली. तिथे पुष्कळांना ती खटकली. वॉशिंग्टन राज्याने तर १९०९ साली बक्षिसीविरुद्ध कायदाच केला. आणखी काही राज्यांनी त्याचा कित्ता गिरवला. पण १९२६ पर्यंत हे सारे कायदे बासनात गेले. कारण तोवर बक्षिसीवर मोठमोठ्या धंद्यांचे हिशेब बसले होते.

त्यांतला सर्वांत मोठा हिशेब शिकागोच्या जॉर्ज पुलमनचा. १८६५ साली यादवी युद्ध संपले आणि गुलामगिरी कायद्याने गेली. दोन वर्षांनी पुलमनची कंपनी उभी राहिली. आगगाडीत मऊ बिछाने, गालिचे, दिवे, असा तिचा थाट. बिछाने घालायला, बूट चमकवायला, अंगरखे झटकायला माणसे हवी होती. नुकतेच मुक्त झालेले गुलाम त्याने नेमले. पगार नावापुरता, बाकी प्रवासी देतील ते! महिन्याला चारशे तास काम, आणि बुटांचे पॉलिशसुद्धा पदरचे. प्रवासी त्यांना सरसकट 'जॉर्ज' म्हणून हाक मारीत. गुलामाला मालकाच्या नावाने पुकारायची जुनी रीत, तीच ही.

इतिहासाची थट्टा पाहा. पुलमन १८९७ साली वारला. त्याच्या मागून कंपनीचा अध्यक्ष झाला रॉबर्ट लिंकन, गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढणाऱ्या अब्राहम लिंकनचा मुलगा! १९१५ साली सरकारी चौकशी आयोगापुढे त्याची साक्ष झाली, तेव्हा या सेवकांचा पगार होता महिना साडेसत्तावीस डॉलर. बापाने बेडी तोडली. लेकाच्या कंपनीत हात मोकळे होते, पण पसरलेले होते.

१९२५ च्या ऑगस्टमध्ये फिलिप रँडॉल्फ नावाच्या पत्रकाराच्या नेतृत्वाखाली या सेवकांनी संघटना काढली. रँडॉल्फ स्वतः कंपनीचा नोकर नव्हता, म्हणून त्याला काढून टाकणे कंपनीला जमेना. सभासदांच्या नोकऱ्या मात्र गेल्या. १९२७ साली संघटनेने सरकारच्या वाहतूक आयोगाकडे तक्रार नेली, की ही कंपनी योग्य पगार न देता आपल्या नोकरांना प्रवाशांच्या बक्षिसीवर जगवते. वाचकहो, बक्षीस घेणाऱ्यांनीच बक्षिसीविरुद्ध दाद मागितली! हा विषय आमच्या अधिकारातला नव्हे, असे सांगून आयोगाने १९२८ साली हात झटकले. तरी माणसे हटली नाहीत. २५ ऑगस्ट १९३७ रोजी, बरोबर बारा वर्षांनी, कंपनीने करारावर सही केली. पगार वाढला, आणि महिन्याचे चारशे तास दोनशे चाळीसवर आले.

हॉटेलांतल्या माणसांचे नशीब मात्र तसे उघडले नाही. १९६६ च्या कायद्याने बक्षिसीचा काही भाग किमान वेतनात धरायची मुभा मालकांना दिली. अशा नोकरांना मालकाने तासाला निदान २.१३ डॉलर रोख द्यावेत, हा केंद्राचा दर १९९१ साली ठरला. काही राज्ये जास्त द्यायला लावतात, आणि शिकागोच्या नगरसभेने ही तफावत टप्प्याटप्प्याने मिटवण्याचा ठराव २०२३ साली केला. पण त्या दराकडे पाहताच मला माझा एक डॉलर आठवला.

संग्रहालयातून निघताना एका छायाचित्रापाशी मी थबकलो. पांढऱ्या कोटातला एक वयस्क सेवक हसत होता. ते हसू माझ्या ओळखीचे होते. तेरा-चौदा वर्षांचा असताना दोन सुट्ट्या मी एस. टी. स्टँडासमोरच्या एका हॉटेलात कपबशा उचलल्या आहेत. "पगार कसला? गिऱ्हाईक देईल ते तुझं," असे मालक म्हणाला होता. एका गिऱ्हाइकाने चार आणे सांडलेल्या चहात टाकले. मी ते उचलले, फडक्याला पुसले आणि हसलो. कारण हसलो नाही तर उद्या तो तेवढेही टाकणार नव्हता. शिकागोच्या त्या मुलीच्या टेबलावर एक डॉलर टाकणारा मी, तोच पोऱ्या होतो. इतकेच, की खुर्ची बदलली होती.

दिवाळी आली. पोस्त मागायला ओळखीची माणसे दारी येतील. हात सैल सोडून, गोड बोलून ती द्यावी. सणाची खुशी ती. पण आपल्याकडे राबणाऱ्याचा महिना आधी चुकता झाला आहे ना, हे पाहावे. घामाचे दाम दिल्यावर दिलेली पोस्त घेणाऱ्याला मान वर करून घेता येते. आणि मग तो हसला, तर ते हसू खरे असते.