सॅकरिन : औषधसंहिता आणि अन्नाची शुद्धता

बाल्टिमोर येथे आयरा रेम्सन यांच्या प्रयोगशाळेत काम करीत असता १८७९ मध्ये कॉन्स्टंटिन फालबर्ग यांना सॅकरिनचा शोध लागला. अमेरिकेच्या १९०६ च्या कायद्याने औषधांच्या शुद्धतेचे प्रमाण औषधसंहितेवर सोपविले. अन्नासाठी मात्र तसा अधिकृत ग्रंथच नव्हता. त्यामुळे अन्नातील सॅकरिनचा वाद शुद्धतेऐवजी वापराच्या औचित्याभोवती फिरला. तपासणी मंडळाचे अध्यक्ष स्वतः रेम्सनच होते, हा योगायोग लक्षणीय होय. दररोज ०.३ ग्रॅमपर्यंतचे सेवन अपायकारक नाही, तथापि साखरेच्या जागी सॅकरिन घातल्याने अन्नाचा कस उतरतो, असा या मंडळाचा निर्वाळा होता. १९१२ मध्ये सामान्य अन्नात ते निषिद्ध ठरले. मधुमेहींसाठी मात्र राहिले. एकच द्रव्य औषध म्हणून मान्य आणि अन्नात भेसळ! पहिल्या महायुद्धातील साखरटंचाईत ही बंदी सैल पडली.

अन्नात घालावयाच्या रसायनांची संहिता, ‘फूड केमिकल्स कोडेक्स’, १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. परंतु पदार्थ कोणता व किती शुद्ध, एवढेच संहिता सांगू शकते. १९७७ मध्ये ही मर्यादा उघड झाली. कॅनडातील प्रयोगांत उंदरांच्या मूत्राशयातील गाठींचे कारण निर्मितीत उरणारे ऑर्थो-टोल्युईन-सल्फोनामाइड नसून खुद्द सॅकरिनच आहे, असे आढळले. प्रमाण अधिक कडक करून हा प्रश्न सुटणारा नव्हता. अमेरिकी काँग्रेसने नियोजित बंदी थोपवून वेष्टनावर इशारा सक्तीचा केला. गाठी उद्भवण्याची ती प्रक्रिया माणसाला लागू पडत नाही, असे मानले गेल्यावर २००० मध्ये तो इशाराही गेला. कोडेक्स २००६ मध्ये औषधसंहितेच्याच संस्थेकडे आला.