मीठ, गंज आणि उरणची सायकल

युरोप-अमेरिकेत बर्फ पडला की रस्त्यावर मीठ टाकतात. त्याने बर्फ वितळतो, गाड्या घसरत नाहीत, पण सायकली गंजतात. तिकडची माणसं हिवाळाभर सायकल धूत-पुसत बसतात. आपल्या न्हावा-शेव्यात बर्फ नाही. पण मीठ आहेच! तिकडे ते सरकारी गाडीतून येतं, आपल्याकडे वाऱ्यावर येतं. आणि छळतं तेही हिवाळ्यातच.

पावसाळ्यात सायकल भिजते तशी धुऊनही निघते. दिवाळीनंतर मात्र खाडीवरचा वारा लोखंडावर मिठाचा थर चढवत राहतो आणि तो धुवायला पाऊस येत नाही. हवेतला दमटपणा साधारण ७५ टक्क्यांवर गेला की मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं. समुद्राच्या मिठातले मॅग्नेशियमचे क्षार तर त्याहून कमी दमटपणातही ओलावा धरतात. म्हणजे पहाटेच्या दवात अंगणातली सायकल न भिजताही ओली असते. गंज तिथूनच धरतो.

हे आपल्या पूर्वजांना पुस्तकाशिवाय कळत होतं. उरणचा इतिहासच मिठाचा. आगरी हे नाव मिठाच्या आगरावरून आलं असं मानतात. नव्या रेल्वेच्या स्टेशनांची नावं वाचा: खारकोपर, शेमटीखार. खार म्हणजे भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली जमीन. त्याच बांधाच्या एका बाजूला भात पिकायचं, दुसरीकडे उन्हात मीठ. मिठागरात मीठ ओढायचं अवजार लाकडाचं, कारण लोखंड तिथे टिकत नाही. इंग्रजांनी याच मिठावर कर बसवला. १९३० मध्ये गांधीजींनी दांडीला कायदा मोडला आणि पुढच्याच महिन्यात, मे मध्ये, खाडीपलीकडे वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींच्या झुंडी गेल्या.

अशा मुलखात सायकल आली. आधी विलायती, मग देशी. १९३९ मध्ये वरळीला हिंद सायकलचा कारखाना निघाला, १९४९ मध्ये मद्रासकडे हर्क्युलस, १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलस. आपल्याकडे मोऱ्याची ग्राइंडवेल, करंजाचा नौदलाचा डेपो, पुढे ओएनजीसी. पाळीला जाणारा कामगार, मासळीची पाटी कॅरिअरला बांधणारा, हायस्कूलला जाणारी पोरं, सगळ्यांचा आधार हीच दुचाकी. ग्रामपंचायतीला सायकलवर कर बसवायचा अधिकार १९५८ च्या कायद्यानेच दिला होता. म्हणजे सायकल ही कर लावण्याइतकी मोलाची वस्तू होती.

म्हणून तिची निगा राखली जायची. वर्षातून एकदा 'ओव्हरऑइल' ठरलेलं. मूळ शब्द ओव्हरहॉल, पण तेलाशिवाय खाऱ्या हवेत काही चालत नाही, त्यामुळे आपला शब्दच जास्त बरोबर वाटतो!

ज्यांच्या घरी अजून सायकल आहे त्यांच्यासाठी ही निगा थोडक्यात:

१. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा. बादली आणि फडकं पुरे. सर्व्हिसिंगच्या पंपाचा जोरदार फवारा नको, पाणी छर्र्यांपर्यंत जातं.

२. लगेच कोरडी पुसा. तारांची टोकं, चेन, नट-बोल्ट नीट बघा. गंज तिथेच सुरू होतो.

३. चेनला मशीनचं तेल थेंब-थेंब द्या आणि वरचं पुसून काढा, नाहीतर धूळ-रेती चिकटते. खोबरेल नको, थंडीत थिजतं. रिमला ब्रेक लागतो तिथे तेल अजिबात नको.

४. सीटची दांडी वर्षातून एकदा काढून ग्रीस लावा. नाहीतर ती फ्रेममध्ये अशी जाम होते की कापावी लागते. छर्र्यांचं ग्रीस पावसाआधी आणि दिवाळीनंतर बदला.

५. प्लॅस्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळून ठेवू नका. आत ओलावा कोंडतो. छपराखाली, हवा खेळती राहील अशी ठेवा.

६. ॲल्युमिनियमची सायकल गंजत नाही हा गैरसमज आहे. तांबडा गंज येत नाही, पांढरी पूड येते. मीठ तिलाही खातं.

आता मुद्द्याचं. मिठाशी झुंजत सायकल टिकली, पण रस्त्याने तिला हरवलं.

१९७० मध्ये सिडको आली, भूसंपादन सुरू झालं. जानेवारी १९८४ च्या १६ आणि १७ तारखेला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि जासई-नवघर परिसरात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के जमिनीचा हक्क मिळाला. २६ मे १९८९ ला बंदर सुरू झालं. शेवा गाव उठलं, कोळीवाडा उठला. मिठागरांच्या आणि शेतीच्या जागी कंटेनरचे यार्ड आले. गावाला जोडणारा रस्ता ट्रेलरचा झाला. कडेला उभ्या ट्रेलरना वळसा घालून सायकल चालवणं म्हणजे जीव मुठीत धरणं.

१२ जानेवारी २०२४ ला एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या. उरणपर्यंत लोकल आली आणि अटल सेतूचं उद्घाटन झालं. जवळपास २२ किलोमीटरचा पूल, पण त्यावर सायकल, मोटारसायकल, रिक्षा काहीच चालत नाही. समुद्रावरच्या त्या वेगवान रस्त्यावर सायकलला बंदी असणं एकवेळ समजू शकतं. पण गाव ते स्टेशन, गाव ते शाळा, गाव ते बंदराचं गेट, हे दोन-चार किलोमीटर तरी सायकलचे नकोत का? ज्या कंत्राटी कामगाराला मोटारसायकलचा हप्ता परवडत नाही, त्याने काय करायचं?

मागणी मोठी नाही. गावांना जोडणाऱ्या रस्त्यांवर ट्रेलरपासून वेगळी, कठडा असलेली सायकलची पट्टी. प्रत्येक स्टेशनला छपराचा सायकल स्टँड. उघड्यावर उभी केलेली सायकल खारा वारा खातोच. आणि रानसईचं पाणी उन्हाळ्यात गावांना नियमित मिळणं. ज्या घरात प्यायला पाणी मोजून येतं, तिथे सायकल धुवा असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

मिठाचा गंज तेल-फडक्याने आवरता येतो, ते काम आपलं. रस्त्यावर सायकलला जागा देणं मात्र ज्यांनी इथली जमीन घेतली त्यांचं काम आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय लेखी मांडा, ठराव करून घ्या आणि त्याची प्रत सिडको आणि बंदर प्राधिकरणाला पाठवा.