तळटीप : ध्वनीची भिंत आणि पडद्यावरची दांडी

डेव्हिड लीन यांच्या ‘द साउंड बॅरियर’ (1952) या ब्रिटिश चित्रपटात सूर मारलेले विमान सावरण्यासाठी वैमानिक नियंत्रणदांडी मागे ओढण्याऐवजी पुढे रेटतो आणि ध्वनिवेग ओलांडून सुखरूप परततो. प्रसंग थरारक आहे, पण उत्तर भलतेच आहे. ध्वनिवेगाजवळ आघातलहरींमुळे शेपटीच्या आडव्या पंखाची मागची हलती पट्टी निष्प्रभ होते; ती उलटी चालू लागत नाही. 14 ऑक्टोबर 1947 रोजी ध्वनिवेग ओलांडताना वैमानिक चक येगर यांना बेल एक्स-1 हे विमान काबूत ठेवता आले, कारण त्या विमानाचा तो आडवा पंखच अख्खा हलवता येत होता, आणि तो वापरण्याची कल्पना अभियंता जॅक रिडली यांची होती. अतिवेगात पंख पिळवटून काही विमाने उलट्या बाजूला कलत, म्हणून चित्रपटाला आधार आहे, असे कोणी म्हणेल. मात्र तो दोष कूस बदलण्यातला, नाक उचलण्यातला नव्हे. कथेला मोकळीक हवी, हेही मान्य. तरी सारे श्रेय एकट्या वैमानिकाच्या धाडसाला दिले की रचनाकाराची बुद्धी झाकली जाते, आणि हे नुकसान तांत्रिक चुकीहून मोठे आहे. ‘द राइट स्टफ’ (1983) या चित्रपटातही रिडली लक्षात राहतात ते बरगड्या मोडलेल्या येगरना विमानाचे दार लावण्यासाठी झाडूची दांडी कापून देणारे मित्र म्हणून. रचनेतली ती युक्ती, म्हणजे अख्खी हलणारी शेपटी, मात्र पुढे एफ-86 सेबर या लढाऊ विमानाच्या सुधारित आवृत्तीतही बसवली गेली.