जालना रोडचा पिवळा उजेड कुठे गेला?

आजचा एपिसोड शक्यतो रात्री, चालता चालता ऐका. क्रांती चौकातून जालना रोडला लागा आणि वर बघा. पांढरा उजेड. आता फोनमधला एखादा जुना फोटो काढा, दहा-बारा वर्षांपूर्वीच्या विसर्जन मिरवणुकीचा वगैरे. सगळ्यांचे चेहरे नारिंगी, लाल शर्ट तपकिरी, निळा शर्ट चक्क काळा. तो सोडियमच्या दिव्यांचा उजेड होता. तो गेला कुठे, आणि का गेला?

"एलईडी चांगला म्हणून" हे उत्तर अर्धंच आहे. माझं म्हणणं असं, की रस्त्यावरचे दिवे आपल्याला नीट दिसावं म्हणून बदललेच नाहीत. बिल झेपत नव्हतं म्हणून बदलले.

जरा मागे जाऊ. मुंबईत १८६५ साली रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. बंगळुरूत १९०५ साली विजेचे लागले, शिवनसमुद्रच्या धबधब्यावरच्या विजेवर. आणि आपलं शहर? मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी वसवली, नहर खोदून घरोघरी पाणी खेळवलं. पाणी सगळ्यांचं होतं, पण रात्री बाहेर पडायचं तर कंदील ज्यानं त्यानं न्यायचा. रस्त्याचा उजेड सगळ्यांसाठी सारखा, ही कल्पनाच मुळात नवी आहे. आणि तिच्यात पहिल्यापासून एक गोची आहे: उजेड सगळ्यांना, पण पैसे कोण देणार?

आता हिशोब करू, सोपा आहे. २५० वॅटचा सोडियम दिवा चोकसकट साधारण २८० वॅट खातो. रस्त्यावरचा दिवा वर्षाला अंदाजे ४००० तास जळतो. म्हणजे ११२० युनिट. त्याच खांबावर १२० वॅटचा एलईडी लावला तर ४८० युनिट. एका खांबामागे ६४० युनिट वाचले. युनिट ६ रुपये धरा, वर्षाला ३८४० रुपये. हजार खांबांचे ३८ लाख! हा आकडा बघितल्यावर कुठल्याही नगरपालिकेच्या लेखापालाची झोप उडेल.

एक गंमत सांगतो. सोडियम दिवा काही वीज उधळणारा नव्हता. नुसता दिवा बघितला तर तो चांगलाच काटकसरी होता. पण तो उजेड चारी बाजूंना फेकायचा, अर्धा वर झाकणात नाहीतर कुणाच्या तरी गॅलरीत. एलईडी उजेड जिथं हवा तिथंच पाडतो. बचत बरीचशी तिथं आहे.

मग आधीच का नाही बदलले? निळा एलईडी १९९० च्या दशकातच आला होता. निळ्या चिपवर पिवळा फॉस्फर चढवला की पांढरा उजेड मिळतो. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना त्यासाठी २०१४ चं नोबेल मिळालं. अडचण होती किमतीची. वीस वर्षं टिकणारी बचत दिसत होती, पण आजचे रोख पैसे तिजोरीत नव्हते.

ही गाठ सुटली ती खरेदीच्या पद्धतीमुळे. ५ जानेवारी २०१५ ला केंद्रानं दोन योजना एकत्र सुरू केल्या, एक घरच्या बल्बची, दुसरी पथदिव्यांची. दोन्हींची जबाबदारी ईईएसएल या सरकारी कंपनीकडे. घाऊक निविदा काढून एकाच ठिकाणी प्रचंड खरेदी. घरच्या एलईडी बल्बचा खरेदीदर २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपये होता, सप्टेंबर २०१६ पर्यंत तो ३८ वर आला. पावणेतीन वर्षांत! मागणी नक्की आहे म्हटल्यावर कारखाने उभे राहिले आणि त्याचा फायदा पथदिव्यांनाही झाला. पथदिव्यांसाठी अट अशी: दिवे ईईएसएल स्वतःच्या पैशानं लावणार, पालिकेनं वाचलेल्या बिलातून सात वर्षांत फेडायचं. विशाखापट्टणममध्ये ऑक्टोबर २०१४ च्या हुदहुद वादळानं खांब आडवे केले, तर तिथं नव्वद हजारांहून जास्त दिवे एलईडीचेच लागले. आज या योजनेतले दिवे देशभरात सव्वा कोटीच्या वर आहेत.

आणखी एक कारण आपल्याकडे सगळ्यांच्या लक्षात असेल: लोडशेडिंग. पथदिवे पेटतात नेमके संध्याकाळी, घरोघरी टीव्ही, पंखे, मिक्सर चालू असतात तेव्हा. त्या वेळचा वाचलेला प्रत्येक वॅट सोन्याच्या भावाचा. आपलं शहर २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या यादीत आलं, महापालिकेनं कंत्राट देऊन जुने दिवे उतरवले, आणि जालना रोड पांढरा झाला.

पण बिलासाठी केलेल्या बदलात डोळ्यांना कुणी विचारत नाही. मरीन ड्राइव्हचं उदाहरण घ्या. २०१५ च्या सुरुवातीला तिथले पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले आणि केवढा गदारोळ! राणीचा हार फिका पडला म्हणून राजकारण झालं, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं, शेवटी पिवळसर एलईडी लागले. भडकल गेटच्या काळ्या दगडावर कुठला उजेड शोभेल, यावर आपल्याकडे तेवढी चर्चा झाल्याचं मला तरी आठवत नाही. तरी पांढऱ्या उजेडाची बाजूही खरी आहे. क्लासवरून रात्री नऊला सायकलवर येणाऱ्या मुलीला समोरच्याचा चेहरा दिसतो, सीसीटीव्हीत गाडीचा रंग कळतो. सोडियममध्ये सगळ्या गाड्या एकाच रंगाच्या.

आणि जुनी गोची? ती आहे तिथंच आहे. कित्येक गावांत पथदिव्यांना मीटरच नव्हते, अंदाजानं बिल यायचं. मग वाचलं किती हे कागदावर दिसणार कसं, आणि फेडणार कशातून? बऱ्याच नगरपालिकांकडे ईईएसएलचे पैसे थकले. २०२१ मध्ये तर महावितरणनं थकबाकीपोटी राज्यातल्या अनेक ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची वीज तोडली. दिवा एलईडी असो की सोडियम, गाव अंधारात ते अंधारातच.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा दिवा गेले काही दिवस लुकलुकतोय. एलईडी सहसा जळत नाही, जातो तो आतला ड्रायव्हर, विजेचा दाब वरखाली झाला की. दोन रात्री मी खाली उभा राहून बघितलं: चार सेकंद चालू, दोन सेकंद बंद. समोरच्या काकू म्हणाल्या, "सोडियम गेला की गेलेला कळायचा तरी. हा नुसता डोळे मिचकावतो." खांबाचा नंबर लिहून घेतलाय, उद्या तक्रार टाकतो. तुमच्या गल्लीतल्या खांबाला नंबर आहे का, बघून सांगा.